गंधकाची धुरी आणि द्राक्षाचा रस

१/ माढा, पंढरपूर, बार्शी या पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराला गंधक नवे नाही. वेलीवर भुरी आली की गंधक फवारले जाते, बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून त्याची धुरी दिली जाते आणि निर्यातीच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवला जातो. बागेत व पेटीत शत्रू बुरशी असते. वाइनच्या पिंपात हाच वायू जिवाणूंशी झुंजतो.

२/ ही युक्ती विज्ञानाहून जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रदेशात पिंपात गंधक जाळण्यास अधिकृत मुभा मिळाली. धुरी दिलेल्या पिंपातील वाइन टिकते, एवढेच लोकांना ठाऊक होते.

३/ कारण उलगडले ते एकोणिसाव्या शतकात. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून लुई पाश्चरने वाइनच्या 'रोगांचा' अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १८६६ साली आला. वाइन नासते ती सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने दाखवले. त्याने उपाय सुचवला तो उष्णतेचा. गंधक मात्र मागे हटला नाही.

४/ हा वायू रसात विरघळला की त्याचा थोडाच अंश रेणूरूपात उरतो. विद्युतभार नसलेला हा रेणू जिवाणूच्या पेशीपटलातून आत शिरतो, तेथे रूप बदलून अडकतो आणि प्रथिनांचे बंध तोडतो. यीस्ट तुलनेने चिवट असल्याने किण्वन चालू राहते. व्हिनेगर करणारे जिवाणू मात्र दबतात.

५/ सारी मदार सामूवर असते. सामू ३ असताना मुक्त वायूपैकी सुमारे ६ टक्के रेणूरूपात असतो, ३.५ ला सुमारे २ टक्के, तर ४ ला १ टक्क्याहूनही कमी.

६/ महाराष्ट्राची अडचण येथेच आहे. ऑक्टोबरच्या छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकतो. उष्णतेने मॅलिक आम्ल घटते, सामू चढतो आणि तेवढ्याच मात्रेचा प्रभाव ओसरतो. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पण ऊन कोणत्याही धोरणाला जुमानत नाही.

७/ मात्रा वाढवत नेणे हा उपाय नव्हे. वास उग्र होतो, दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो आणि रेड वाइनमधील तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणूही मरतात. म्हणून जाणकार आधी आंबटपणा सांभाळतो : वेळेवर तोडणी, पहाटेचा गारवा, स्वच्छ पिंप. गंधकाचे काम त्यानंतर सुरू होते.