अध्ययन अक्षमता आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी : ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ज्याचा आकार जवळजवळ बदलला नाही असे अक्षर म्हणजे 'ढ'. म्हणून ज्याची प्रगती होत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ज्याला अक्षरे लागत नाहीत त्याला एका अक्षराचेच नाव मिळावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अशा मुलांपैकी काहींची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असते. वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखादी प्रक्रिया तेवढी त्यांना विलक्षण कठीण जाते. ही जाणीव महाराष्ट्रात कशी रुजली आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापर्यंत ती कितपत पोहोचली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेचा उदय

इ. स. १८७७ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी 'शब्दांधत्व' ही संकल्पना मांडली. १८८७ मध्ये नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द वापरला. हे दोघेही मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांविषयी लिहीत होते. लहान मुलात जन्मतःच अशी अडचण असू शकते, हे नोव्हेंबर १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील टिपणात मांडले. त्यांनी वर्णन केलेला चौदा वर्षांचा मुलगा हुशार होता, त्याचे गणित चांगले होते. परंतु साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' ही व्यापक संज्ञा प्रचारात आणली.

या अभ्यासाचा पाया युरोपीय भाषांचा होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचा संबंध इंग्रजीपेक्षा नियमित आहे. पण तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. 'ध' व 'घ', 'भ' व 'म', 'ब' व 'व' यांच्या आकारांत अंतर थोडे. 'र' जोडाक्षरात शिरला की रफाराच्या रूपाने डोक्यावर चढतो किंवा व्यंजनाच्या पोटात जातो. म्हणून इंग्रजीतील चाचणीचे केवळ भाषांतर करून मराठी मुलाचे निदान होऊ शकत नाही.

सवलतींचा कालखंड

केंद्र शासनाच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मान्य केले. त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्रात मात्र १९९६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापना झाली आणि राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचे धोरण स्वीकारले. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित, असे त्यांचे स्वरूप होते. केंद्रीय कायद्याने न मानलेली अडचण राज्याने परीक्षेच्या दारात मान्य केली, ही निःसंशय पुरोगामी गोष्ट होय. तथापि आरंभ परीक्षेपासून झाल्याने चर्चा सवलतीभोवती आणि सवलत प्रमाणपत्राभोवती फिरू लागली.

ठाणे ते शीव : अंतराचा प्रश्न

१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील चाळींतून बाहेर पडलेल्या मराठी मध्यमवर्गाने ही शहरे वाढविली आणि दहावीच्या गुणपत्रिकेला घराच्या भवितव्याचा आधार मानले. अशा घरात न वाचणारे मूल म्हणजे आळशी मूल, असे समीकरण सहज जुळत असे. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) ही संस्था स्थापन केल्यावर मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास येथे जागा मिळाली.

परंतु सवलतीसाठी लागणारे निदान मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांत होत असे. दृष्टी व श्रवण तपासणी, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी, बालरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांचे मत, यांसाठी अनेक भेटी आवश्यक होत्या. डोंबिवलीहून मुलाला घेऊन लोकलने शीवला जाणे म्हणजे पालकाचा प्रत्येक वेळी एक दिवस खर्ची पडणे. रोजंदारीवरील पालकाला तर ते दुरापास्तच. शिवाय प्रमाणित चाचण्या प्रामुख्याने इंग्रजी माध्यमासाठी उपयुक्त होत्या. प्रादेशिक भाषांत अशा चाचण्या नसल्याने अन्य माध्यमांतील मुलांचे खात्रीलायक निदान करता येत नाही, असे मुंबईतील डॉ. सुनील करंदे यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनीच नमूद केले होते. म्हणजे सवलत मराठी राज्याने दिली, पण ती मिळविण्याचा मार्ग इंग्रजीतून जात होता.

कायद्याची मान्यता

डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' प्रदर्शित झाला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१५ मध्ये मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीसाठी 'डाली' ही चाचणीमाला उपलब्ध करून दिली. १९९६ च्या सवलतींनंतर एकोणीस वर्षांनी आलेले हे साधन प्राथमिक वर्गांपुरते, पहिली ते पाचवीसाठी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रकारांची संख्या एकवीसवर नेली व त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले. उच्च शिक्षणात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूदही झाली. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी निदानासाठी बंगळुरूच्या 'निम्हान्स'ची चाचणी आणि आठ, चौदा व अठरा या वयांतील प्रमाणन ठरवून दिले.

कायदा झाला तरी परीक्षागृहातील अज्ञान आपोआप सरत नाही. लेखनवैकल्य असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत हक्काचा एक तास नाकारला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तिच्यावरील अन्याय असल्याचे मान्य केले. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही.

समारोप

उपरोक्त इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे प्रथम सवलत आली, नंतर मुलाच्या भाषेतील चाचणी आली आणि सर्वांत शेवटी कायदा आला. मधल्या दोन दशकांत मराठी माध्यमातील किती मुले केवळ 'ढ' म्हणून शाळेबाहेर पडली, याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत सापडणार नाही. त्यांपैकी जी महाविद्यालयापर्यंत पोहोचतात त्यांच्या हाती बहुधा प्रमाणपत्र नसते. उत्तरपत्रिकेत विचार नेटका पण लेखन विस्कळीत, चर्चेत तत्पर पण वाचताना अडखळणारा, असा विद्यार्थी आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला स्वतंत्रपणे बोलावून विचारणे, तोंडी मूल्यमापनाची संधी देणे आणि निदानासाठी योग्य ठिकाणी पाठविणे, यांपैकी कशालाही नव्या शासननिर्णयाची गरज नाही. मॉर्गन यांच्या टिपणातील त्या शिक्षकाने प्रमाणपत्राशिवायच आपल्या विद्यार्थ्याची चलाखी ओळखली होती. ठाणे ते कल्याण पट्ट्यातील अध्यापकांकडून तेवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.