वाळूपासून प्रकाशापर्यंत : विरल मृत्तिकांच्या दीप्तिमान पदार्थांवरील भारतीय संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना :
खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाची वरात पेट्रोमॅक्सच्या उजेडात निघत असे. दिंद्रुडसारख्या गावांतील जुन्या पिढीस ही बत्ती परिचित आहे. तिच्या जाळीत थोरियमबरोबर सुमारे १ टक्का सिरियम असे. सिरियम हे विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्य होय. या मूलद्रव्यांच्या प्रकाशाचा इतिहास हा मुख्यतः ती वेगळी करण्याच्या विद्येचा इतिहास आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

वाळू आणि विद्या :
इ. स. १९०९ मध्ये जर्मन रसायनज्ञ शोम्बर्ग यांना त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले. त्यानंतर ही वाळू जाळ्यांच्या उद्योगासाठी युरोपात जाऊ लागली. माल येथील, परंतु विद्या तेथील, अशी ही स्थिती होती. ती बदलण्यासाठी १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ची स्थापना झाली व १९५२ मध्ये केरळातील अलुवा येथे कारखाना सुरू झाला.

तुर्भे येथील बिल्ला :
तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने या विद्येचा लोकोपयोगी विनियोग केला. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांसाठी १९७५ पासून फिल्म बॅजच्या जागी टीएलडी बॅज येऊ लागला. त्यातील चकत्यांमध्ये अल्प डिस्प्रोसिअम मिसळलेले कॅल्शिअम सल्फेट असते. किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यात साठून राहते. चकती तापविल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर पडते व त्यावरून मात्रा मोजली जाते. एक्स-रे विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवरील हा बिल्ला त्याच्या आरोग्याचा मूक साक्षीदार ठरतो.

नागपूरचे संकरित पदार्थ :
युरोपिअमचा आयन स्वतः फारच थोडा प्रकाश शोषतो. मात्र त्याभोवती योग्य सेंद्रिय रेणू असल्यास ते अतिनील किरण शोषून ती ऊर्जा आयनाकडे पोहोचवितात व लाल प्रकाश मिळतो. वाइसमन यांनी १९४२ मध्ये हे दाखविले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात संजय ढोबळे, थेजो कल्याणी व पोडे यांनी युरोपिअम आणि टर्बिअम यांच्या अशा संकरित पदार्थांवर संशोधन केले. सेंद्रिय प्रकाशदायी डायोड हे त्याचे एक उद्दिष्ट होते.

निष्कर्ष :
एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. त्यांत डिस्प्रोसिअम व टर्बिअम ही दोन्ही मूलद्रव्ये होती. १९०९ मधील प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला, असे यावरून म्हणता येते. किनाऱ्यावर वाळू असणे पुरेसे नसते. ती शुद्ध करणारे कारखाने आणि तिच्यातून प्रकाश काढणाऱ्या प्रयोगशाळा या दोन्हींची साखळी अखंड राहावी लागते. त्या साखळीसाठी माणसे घडविण्याचे काम पदवीच्या वर्गापासूनच सुरू होते, ही जाणीव महाविद्यालयीन विज्ञानशिक्षणाने ठेवणे अगत्याचे आहे.