परतीच्या बोलीवर

सोलापूरच्या नव्या पेठेतला विद्यार्थी अमेरिकेला शिकायला निघाला, की प्रवेशाचे पत्र, बँकेतली शिल्लक, फीची पावती अशी सगळी जुळवाजुळव करून व्हिसाच्या मुलाखतीसाठी बहुधा मुंबई गाठतो. कागद सारे खरे असले तरी एक प्रश्न उरतोच: परत येणार ना? 1952 च्या अमेरिकी कायद्याने आधीच धरून चालले आहे की, अर्जदार कायमचा राहायला येतो आहे. तसे नाही हे पटवून देण्याचे ओझे त्याच्यावर आहे. मुदतीचा परवाना म्हणजे परतीच्या बोलीवर दिलेली वाट. ही बोली माणसाच्या मनातल्या उद्यावर बेतलेली असते, आणि तो उद्या कोणत्याही कचेरीला दिसत नाही. हे दाखवून देणारे उदाहरण शोधायला सोलापूरकरांना लांब जायला नको. पेठेपासून फार दूर नसलेल्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आज स्मारक म्हणून उभे आहे.

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा पासपोर्टची आजच्यासारखी सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाने आणली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. हिंदुस्थानात पासपोर्ट देणे न देणे हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर राहिले, आणि ही मर्जी कशी चाले ते 1938 मध्ये स्पष्ट दिसले. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. त्यासाठी निवडलेले कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन कम्युनिस्ट होते. त्यांना पासपोर्ट नाकारण्यात आला आणि त्यांच्या जागी डॉ. बिजयकुमार बसू गेले. याच पथकातल्या, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या कोटणीसांना मात्र परवानगी मिळाली. वास्तविक त्यांचे गाव सरकारच्या डोळ्यांत सलणारे होते. सोलापुरात 1930 मध्ये मार्शल लॉ पुकारला गेला होता आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली होती. तरीही परदेशात पुढचे शिक्षण घेण्याची आस असलेला हा तरुण सर्जन कचेरीला निर्धोक वाटला असावा.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. अल्प मुदतीसाठी गेलेले कोटणीस चीनमधल्या येनानला पोचले, आघाडीवर राबले आणि 1941 मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. 1942 मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. म्हणजे ज्या विचारापायी सेन यांना घरी बसवले, तोच विचार कचेरीने निर्धोक ठरवलेल्या माणसाने प्रवासात स्वीकारला. कचेरीने चाळले ते निघतानाच्या माणसाला. पोचल्यावर तो कोण होईल, हे तिच्या चाळणीत येणे शक्यच नव्हते. शिक्षणाची किंवा देवाणघेवाणीची यात्रा माणूस बदलावा म्हणूनच असते. मुदतीचा परवाना मात्र तो बदलणार नाही, या भरवशावर दिला जातो. विसंगती आहे ती इथे.

यावर कुणी म्हणेल, कोटणीस हा अपवाद. पथकातले उरलेले चौघे परतलेच. खरे आहे. पण ते काही बोली दिली होती म्हणून परतले नाहीत, आणि कोटणीस राहिले ते बोली मोडायची म्हणून नव्हे. दोन्ही निर्णय तिथल्या कामाने आणि परिस्थितीने घडवले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपल्या दारातून कोण येतो, कोण राहतो, हे पाहण्याचा हक्क कोणत्याही देशाला असणारच. तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो काय तपासायचे याचा. प्रवेश खरा आहे का, खर्चाची सोय आहे का, मुदत संपल्यावर माणूस निघाला का, या गोष्टी पडताळता येतात. मनातला हेतू पडताळता येत नाही. त्याचा फक्त अंदाज करता येतो आणि अंदाजात कचेरीचे पूर्वग्रह शिरतात. 1938 मध्ये ते राजकीय रंगाचे होते. आज ते अर्जदाराचे वय, गाव आणि घरची मिळकत यांवरून बांधले जाऊ शकतात. शिवाय 1952 च्या कायद्यातल्या त्या कलमाखाली नकार आला तर अपील नाही, फक्त नवा अर्ज.

दुसरी रीत शक्य आहे, हे खलाशांनी दाखवून दिले आहे. ब्रिटनने 1925 मध्ये खास हुकूम काढून गोऱ्या नसलेल्या परदेशी खलाशांवर नोंदणीची सक्ती केली होती. कागद नसलेल्या हिंदी खलाशांनाही तिचा जाच झाला. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2003 च्या कराराने खलाशाची ओळख पक्की करणारे कार्ड ठरवले आणि ते बाळगणाऱ्याला बंदरात उतरून जरा मोकळे फिरायला व्हिसा लागू नये, असे मान्य केले. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला. अमेरिका त्यात नाही. तिथे खलाशाला आजही व्हिसा लागतो. पण तत्त्व स्पष्ट आहे: माणूस कोण आहे ते तपासा, त्याच्या मनात काय आहे ते नको.

देशाबाहेर पडण्याच्या बाजूने आपण एवढा पल्ला गाठला आहे. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा होऊन सरकारी मर्जीला नियमांची चौकट आली. शिरण्याच्या बाजूने जगात अशी चौकट अजून अपुरी आहे. तोवर परतीची बोली हा तपासणीचा निकष म्हणून कुचकामीच म्हणायला हवा. कोटणीसांची समाधी चीनमधल्या शिजियाझुआंगला आहे.