बहुभाषी सभागृहाचे अध्यक्षपीठ

सभागृहाचा अध्यक्ष म्हटला की एक उंच आसन, समोर घंटा आणि ‘शांतता राखा’ असे पुनःपुन्हा बजावणारा एक गंभीर गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तो कायदे करीत नाही, राज्यकारभार त्याच्या हाती नसतो, आणि भाषणे तर तो इतरांचीच ऐकत बसतो. तेव्हा या पदाचे महत्त्व ते केवढे, असे एखाद्यास वाटले तर नवल नाही. परंतु ज्या सभागृहात अनेक राष्ट्रांचे, अनेक भाषा बोलणारे आणि एकमेकांविषयी जुने सल मनात बाळगणारे प्रतिनिधी एकत्र बसतात, तेथे या आसनावरून दिलेला एक चुकीचा निर्णय सबंध संसदेच्या मुळावर येऊ शकतो. अशा दोन सभागृहांची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहे. त्यांतील पहिले व्हिएन्नाचे आणि दुसरे स्ट्रासबर्गचे.

व्हिएन्ना नगरीत रिंगस्ट्रास या भव्य राजमार्गावर थेओफिल हान्सेन या वास्तुशिल्पज्ञाने ग्रीक धाटणीचे एक संसदभवन उभारले. ते 1883 साली पुरे झाले. हॅब्सबर्ग साम्राज्याच्या ऑस्ट्रियन अर्ध्या भागाची संसद, म्हणजे राइशस्राट, तेथे भरत असे. जर्मन, झेक, पोलिश, युक्रेनियन, स्लोव्हेन, क्रोट, इटालियन, रुमानियन असे नाना लोकांचे प्रतिनिधी त्या एका छताखाली बसत. 1867 च्या राज्यघटनेतील एकोणिसाव्या कलमाने राज्यातील सर्व लोकसमूहांना आणि त्यांच्या भाषांना समान हक्क दिलेले होते. कलम उदार होते. सभागृहातील व्यवहार मात्र वेगळा होता. सदस्याने आपल्या मातृभाषेत बोलण्यास प्रत्यवाय नव्हता. पण दुभाषे नव्हते, आणि जर्मनेतर भाषेतले भाषण दीर्घकाळपर्यंत अधिकृत इतिवृत्तात उतरून घेतले जात नसे. झेक सदस्य तासभर तळमळून बोलला, तरी कागदोपत्री तो मुकाच राहावयाचा! अध्यक्षाचीही यात पंचाईत होती. जी भाषा आपल्याला कळत नाही तीत बोलणारा माणूस विषयाला धरून बोलतो आहे की विषयांतर करतो आहे, हे त्याने ठरवावे तरी कसे?

अशा स्थितीत 1897 साल उजाडले. पंतप्रधानपदी काउंट काझिमिर बादेनी हे गॅलिशियातील पोलिश सरदार होते. त्यांनीच मताधिकार थोडा विस्तृत केला होता, आणि त्यानुसार निवडलेले 425 सदस्यांचे नवे सभागृह नुकतेच भरले होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बादेनींनी बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांसाठी भाषाविषयक फर्माने काढली. तेथील सरकारी अधिकाऱ्यांना जर्मन व झेक या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, आणि 1901 च्या मध्यापर्यंत त्या त्यांनी शिकून घ्याव्यात, असा त्यांचा आशय होता. सुशिक्षित झेक माणसाला जर्मन बहुधा येतच असे. जर्मन माणसाने झेक शिकण्याचे मनावर घेतलेले नव्हते. त्यामुळे झेकांना जे न्याय्य वाटले तेच जर्मनांना आपल्या मुलाबाळांच्या नोकऱ्यांवर आलेले गंडांतर वाटले. भाषेचा प्रश्न हा नुसता अभिमानाचा नसतो. तो कचेरीतल्या खुर्चीचा, न्यायालयातल्या कैफियतीचा आणि घरातल्या चुलीचाही असतो, ही गोष्ट सीमाभागात राहणाऱ्यांना समजावून सांगावयास नको.

जर्मन पक्षांनी सभागृह चालू द्यावयाचे नाही असा निर्धार केला. त्या काळचे कामकाजाचे नियम अल्पसंख्याकांना बरेच अनुकूल होते. तातडीचे ठराव मांडावेत, नावे पुकारून मतदान मागावे, मंत्र्यांवर महाभियोग आणण्याच्या सूचना द्याव्यात. कामाचा दिवस असाच संपून जाई. अध्यक्षाला सदस्याची कानउघाडणी करता येई, त्याचे बोलणे थांबविता येई. पण त्याला सभागृहाबाहेर काढण्याचा अधिकार नव्हता. सप्टेंबरमध्ये तर खुद्द पंतप्रधान बादेनी आणि जर्मन राष्ट्रवादी सदस्य कार्ल हेर्मान वोल्फ यांचे पिस्तुलांनी द्वंद्वयुद्ध झाले, आणि पंतप्रधानांच्या दंडाला गोळी लागली!

हंगेरीशी असलेल्या आर्थिक कराराची मुदत वर्षअखेर संपत होती, आणि ती तात्पुरती वाढविण्याचे विधेयक मंजूर होणे सरकारला अत्यावश्यक होते. ऑक्टोबरच्या 28 तारखेस रात्री ओटो लेखर नावाचे ब्र्यून येथील सदस्य या विधेयकावर बोलावयास उभे राहिले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसले. सलग बारा तास ते बोलत होते. अर्थशास्त्राचा त्यांचा व्यासंग असा की भाषण प्रस्तुत विषय सोडून गेले नाही. त्यामुळे त्यांना खाली बसविण्यास अध्यक्षपीठाला कारण मिळेना. भोवती मेजांच्या फळ्या आपटल्या जात होत्या, शिव्याशापांचा वर्षाव होत होता, आणि वर उपाध्यक्ष डेव्हिड अब्राहमोविच आपली घंटा वाजवीत होते. त्या दिवसांत व्हिएन्नात मुक्कामास असलेले अमेरिकन लेखक मार्क ट्वेन प्रेक्षकांच्या सज्ज्यातून हे सारे पाहत होते; पुढे 1898 साली त्यांनी यावर एक सविस्तर लेखही लिहिला.

यापुढचा प्रसंग आपल्या विषयाचा गाभा आहे. अध्यक्ष काथ्राइन यांनी राजीनामा दिला आणि अब्राहमोविच अध्यक्ष झाले. ते बहुमतवाल्या पोलिश गटाचे. उपाध्यक्षांत झेकांचे तरुण पुढारी कारेल क्रामार्झ होते. नोव्हेंबरच्या 25 तारखेस बहुमत पक्षाच्या काउंट फाल्केनहाइन यांनी एक सूचना मांडली. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्षाने तीन दिवस आणि सभागृहाने तीस दिवसांपर्यंत निलंबित करावे, व प्रसंगी त्याला बळाने बाहेर काढावे, अशी ती होती. सूचनेवर चर्चा झाली नाही. कोलाहल एवढा होता की ती पुष्कळांच्या कानांवरही पडली नाही. अनुकूल असतील त्यांनी उभे राहावे असे अध्यक्षांनी सुचविले, बहुमत उभे राहिले, आणि नियम मंजूर झाल्याचे जाहीर करण्यात आले.

दुसऱ्या दिवशी समाजवादी सदस्यांनी अध्यक्षपीठावरच चाल केली. तेव्हा सभागृहात पोलीस आले आणि लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना त्यांनी उचलून बाहेर नेले. ती बातमी पसरताच व्हिएन्ना आणि ग्राझच्या रस्त्यांवर लोक लोटले. भाषाविषयक फर्मानांशी ज्यांचे काही देणेघेणे नव्हते असे कामगारही त्यांत होते. कारण प्रश्न आता झेक आणि जर्मन यांच्यापुरता उरला नव्हता, तो संसदेच्या अब्रूचा झाला होता. तीन दिवसांच्या आत, 28 नोव्हेंबर रोजी, सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी बादेनींना निरोप दिला. लागलीच प्रागमध्ये जर्मनांविरुद्ध दंगे उसळले आणि तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला.

आता या प्रसंगाचा न्याय करताना एकांगी होऊन चालणार नाही. अडवणूक करणारे काही साधुपुरुष नव्हते. झेकांची मागणी अन्याय्य नव्हती. सभागृह ठप्प पडले असता अध्यक्षाला काही अधिक अधिकार हवे होते, हेही नाकारता येणार नाही. चूक झाली ती अधिकार मिळविण्याच्या रीतीत. आदल्या दिवसापर्यंत अध्यक्ष हा सर्वांचा, निदान नावापुरता तरी, होता; त्या एका उठाबशीने तो बहुमताचा हस्तक ठरला. ज्या माणसाकडे सर्वांनी दाद मागावयाची तोच प्रतिपक्षाच्या गोटात बसलेला आहे असे अल्पसंख्याकांना वाटले, की मग वाद मिटविण्याची जागाच उरत नाही.

ती फर्माने पुढे 1899 साली रद्द झाली. आणि मग अडवणुकीची पाळी झेकांची आली! त्यांनी तर सभागृहात वाद्येही वाजविली. 1907 साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि 516 सदस्यांचे सभागृह आले. भांडणे मात्र जुनीच राहिली. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 1909 च्या डिसेंबरमध्ये अडवणुकीला आळा घालणारे अधिकार अध्यक्षाला अखेर मिळाले, आणि त्या सूचनेचे जनक क्रामार्झच होते. 1897 मध्ये जो अधिकार पोलिसांच्या बळावरही टिकला नाही, तोच पुढे निरनिराळ्या राष्ट्रांच्या पक्षांनी मिळून दिला तेव्हा काही काळ पचला. दुर्दैवाने तोवर उशीर झाला होता. 1914 च्या मार्चमध्ये पंतप्रधान श्ट्युर्ख यांनी संसद तहकूब केली, आणि त्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले तेव्हा त्यावर एक शब्द बोलावयास संसद जागेवर नव्हती. त्या भव्य भवनात रुग्णालय उघडले गेले. 1917 च्या मे महिन्यात ती पुन्हा भरली, आणि पुढच्याच वर्षी साम्राज्य लयास गेले.

येथून आपण स्ट्रासबर्गला जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून पश्चिम युरोपातील सहा देशांनी कोळसा व पोलाद यांचा एकत्र कारभार सुरू केला, आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी 78 सदस्यांची एक सभा 10 सप्टेंबर 1952 रोजी भरविली. बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक तिचे पहिले अध्यक्ष. याच सभेची पुढे युरोपीय संसद झाली. सदस्यांनी लवकरच एक मोठा शहाणपणाचा निर्णय घेतला. देशवार न बसता त्यांनी आपल्या राजकीय मतांप्रमाणे गट करून बसावयाचे ठरविले. जर्मन समाजवादी फ्रेंच समाजवाद्याच्या शेजारी बसू लागला, आणि राष्ट्राराष्ट्रांच्या सरळ रांगा मोडल्या. व्हिएन्नात नेमके हेच साधले नव्हते.

1979 च्या जूनमध्ये नऊ देशांतील मतदारांनी 410 सदस्य प्रत्यक्ष निवडून दिले. 17 जुलै रोजी पहिल्या बैठकीचे उद्घाटन वयोवृद्ध सदस्य लुईझ वाइस या शहाऐंशी वर्षांच्या फ्रेंच विदुषीने केले, आणि अध्यक्षपदी सिमोन वेल यांची निवड झाली. किशोरवयात त्यांना आउश्वित्झच्या छळछावणीत नेण्यात आले होते. ज्या राष्ट्राच्या सत्तेने त्यांचे कुटुंब उद्ध्वस्त केले, त्या राष्ट्राचे प्रतिनिधी आता त्यांच्याकडे पाहून बोलण्याची परवानगी मागणार होते. अध्यक्षपीठाच्या निःपक्षपातीपणाची याहून कठीण कसोटी कोणती?

तेथील कामाची रीतही पाहण्यासारखी आहे. सदस्याला कोणत्याही अधिकृत भाषेत बोलता येते, आणि काचेआड बसलेले दुभाषे त्याच क्षणी त्याचे बोलणे इतर भाषांत उतरवीत असतात. 1952 साली चार भाषा होत्या. क्रोएशिया आल्यावर, 2013 पासून, त्या चोवीस झाल्या. एका भाषेतून दुसरीत जाण्याच्या वाटा मोजल्या तर त्या 552 भरतात! अध्यक्षाला विनोदावरचे हसू दोन हप्त्यांनी ऐकू येते. आधी मूळ भाषा जाणणाऱ्यांचे, मग दुभाषावर विसंबणाऱ्यांचे. म्हणून घाईने घंटा वाजवून तेथे भागत नाही. भाषणाची वेळ वाटताना एक भाग सर्व गटांना सारखा आणि दुसरा भाग सदस्यसंख्येच्या प्रमाणात देतात, म्हणजे लहानातल्या लहान गटालाही तोंड उघडता येते. चौदा उपाध्यक्ष आळीपाळीने आसनावर बसतात. आणि अध्यक्षाला स्वतः वादात उतरावेसे वाटले तर त्याने आसन सोडले पाहिजे, व ती चर्चा संपेपर्यंत परत तेथे बसता कामा नये.

या सभागृहातही सदस्याला बाहेर काढण्याचे प्रसंग आले आहेत. 11 ऑक्टोबर 1988 रोजी पोप जॉन पॉल दुसरे तेथे भाषण करीत असता उत्तर आयर्लंडचे प्रॉटेस्टंट पुढारी इयन पेझली यांनी फलक उंचावून आरडाओरड केली. अध्यक्ष लॉर्ड प्लम यांनी त्यांना समज दिली आणि मग सभागृहाबाहेर काढविले. पेझलींच्या हातचे फलक हिसकावून घेणाऱ्या सदस्यांत ओटो फॉन हॅब्सबर्ग हे वृद्ध गृहस्थ होते. ते ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाचे ज्येष्ठ पुत्र! ज्या घराण्याची संसद भाषांच्या भांडणात कोलमडली, त्याचा वारस बव्हेरियाच्या मतदारांचा एक साधा प्रतिनिधी म्हणून बहुभाषी सभागृहात बसला होता. फलक हिसकावण्याचे काम सदस्यांचे नव्हते, हे खरे. पण एक माणूस बाहेर गेला आणि पोपचे भाषण पुढे चालू झाले. कोठे दंगल झाली नाही. व्हिएन्नात आणि येथे अधिकार जवळजवळ तोच वापरला गेला. फरक एवढाच की स्ट्रासबर्गचा नियम आधीपासून सर्वांना ठाऊक होता, आणि तो कोणा एका राष्ट्राला डोळ्यांसमोर ठेवून एका रात्रीत केलेला नव्हता.

या दोन्ही सभागृहांच्या पंगतीत आपली लोकसभा सर्वस्वी बसत नाही. आपले राष्ट्र एक आहे. परंतु भाषा अनेक असल्यामुळे अध्यक्षपीठाची अडचण बरीचशी तीच आहे. हिंदी वा इंग्रजीत आपला आशय नीट मांडता येत नसेल अशा सदस्यास मातृभाषेत बोलण्याची परवानगी देण्याचा अधिकार घटनेच्या 120 व्या कलमाने अध्यक्षाकडेच सोपविला आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे मूळचे रत्नागिरीकडील मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबादची. म्हणजे घरी एक भाषा आणि पेठेत दुसरी, हा अनुभव त्यांना लहानपणापासूनचा होता. 1952 साली त्यांच्याविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभे राहिले होते शंकर शांताराम मोरे, तेही मराठीच! 1954 च्या डिसेंबरमध्ये मावळणकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी आणला. बहुमताच्या जोरावर तो दडपून टाकणे अवघड नव्हते. पण त्यावर रीतसर चर्चा झाली. घटनेच्या दंडकाप्रमाणे त्या वेळी आसनावर मावळणकर नव्हते. आणि मग तो फेटाळला गेला. विरोधकांचे समाधान झाले नसेल. पण आपले म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, असे म्हणण्यास त्यांना जागा राहिली नाही.

अनेक भाषांच्या घरात प्रत्येकाला हवे ते मिळेलच असे नाही. बोहेमियाच्या प्रश्नावर झेक आणि जर्मन या दोघांनाही पूर्णपणे संतुष्ट करणारा तोडगा कदाचित निघालाही नसता. परंतु हरलेल्या पक्षाने दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सभागृहात येऊन बसावे, एवढा विश्वास त्याच्या मनात शिल्लक ठेवणे हे अध्यक्षाच्या हाती असते. अब्राहमोविच यांनी त्या नोव्हेंबरच्या दिवशी एक मतदान जिंकले, आणि तो विश्वास घालविला. तो परत मिळविण्यास त्या संसदेला बारा वर्षे लागली, आणि नंतर तिच्यापाशी वेळच उरला नाही.