घर तापविण्याचे बिनतारी थर्मोस्टॅट : निवडताना वापरातील सुलभता महत्त्वाची

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे गॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या साहाय्याने उबदार ठेवली जातात. बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरते. जुन्या व्यवस्थेत तापमान ठरविणारा थर्मोस्टॅट बहुधा एकच आणि तोही प्रवेशद्वाराजवळच्या बोळात असे. बोळ पुरेसा तापला की बॉयलर बंद होई. मग एखादी निजण्याची खोली गार राही, तर रिकामी खोली विनाकारण तापत असे. या अडचणीवरील उपाय म्हणजे घराचे विभाग पाडून प्रत्येकाचे तापमान आणि वेळ स्वतंत्रपणे ठरविणे. इंग्लंडमध्ये १५० चौरस मीटरहून मोठ्या नव्या घरांत असे किमान दोन विभाग असणे बांधकाम नियमांना अपेक्षित आहे.

दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत नळ्यांच्या प्रत्येक शाखेवर विजेवर चालणारी झडप बसवितात. उदाहरणार्थ, तळमजल्यासाठी एक आणि वरच्या मजल्यासाठी दुसरी. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रेडिएटरच्या झडपेवर बॅटरीवर चालणारे बिनतारी नियंत्रक बसते आणि प्रत्येक खोली हाच एक विभाग होतो. जुन्या घरात दुसरी पद्धत सोयीची ठरते, कारण झडप योग्य प्रकारची असल्यास भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि नळ्यांतील पाणीही काढावे लागत नाही. मात्र बॉयलरच्या आतील गॅससंबंधी काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानेच करावयाचे असते.

गैरसमजाची किंमत

साधन कितीही प्रगत असले, तरी वापरणाऱ्याला ते उमगले नाही तर बचत होत नाही. अमेरिकी अभ्यासक विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये एका निबंधात दाखवून दिले, की अनेक जण थर्मोस्टॅटला पाण्याच्या तोटीसारखे समजतात. आकडा जास्त ठेवला की खोली लवकर तापेल, असे त्यांना वाटते. वस्तुतः तो आकडा सामान्यतः कोठे थांबावयाचे एवढेच सांगतो. हाताने फिरविण्याच्या साध्या झडपांवरील १ ते ५ हे आकडेही अंश नसतात. त्यांतील ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस.

हिवाळ्यात मुलांकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. मुले कामावर गेल्यावर सारे नियंत्रण त्यांच्या मोबाइलमध्येच राहिले, तर घरातील वृद्धांना थंडीत बसून राहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार थंड हवामानात घरातील तापमान किमान १८ अंश असावे. वृद्ध, बालके आणि दीर्घकाळ आजारी असलेल्यांना याहून अधिक उबेची गरज भासू शकते.

खरेदीपूर्वी काय पाहावे

• भिंतीवरील साधनावर मोठे, उजेडात व अंधारातही वाचता येणारे आकडे आणि तापमान कमी-जास्त करण्याची स्पष्ट बटणे असावीत.

• वेळापत्रक न बदलता तासभर ऊब वाढविण्याची सोय एका बटणावर असावी.

• इंटरनेट बंद पडले तरी ठरलेले वेळापत्रक आणि हाताने करावयाचे बदल चालू राहावेत.

• बॅटरी संपत आल्याची सूचना आधी मिळावी. नियंत्रकांची संख्या वाढली, की बॅटऱ्या बदलण्याचे कामही वाढते.

• जाड दगडी भिंतींतून बिनतारी संदेश क्षीण होतात; म्हणून नियंत्रक परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी सर्वांत दूरच्या खोलीत ते तपासून पाहावे.

• सुरक्षाविषयक अद्ययावतीकरण किती काळ मिळेल, हे विचारावे. इंटरनेटशी जोडता येणाऱ्या घरगुती उपकरणांबाबत ही मुदत जाहीर करणे ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांना बंधनकारक आहे.

बसविल्यानंतर

खोलीचा थर्मोस्टॅट ऊन, वाऱ्याचा झोत आणि रेडिएटर यांपासून दूर असावा. ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे, तेथील रेडिएटरवर दुसरे स्वतंत्र नियंत्रक ठेवू नये. अन्यथा एक रेडिएटर बंद करतो आणि दुसरा बॉयलर चालूच ठेवतो. विभागांमधील दारे लावून घ्यावीत. वापरात नसलेल्या खोल्या पूर्णपणे गार पडू देऊ नयेत, कारण थंड भिंतींवर ओल धरून बुरशी येते.

शेवटची कसोटी साधी आहे. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीने मोबाइलला हात न लावता आपल्या खोलीचे तापमान दोन अंशांनी वाढवून पाहावे. तिला ते कोणाच्या मदतीविना जमले, तर निवड योग्य झाली असे समजावे.