गाडी सुटायला दहा मिनिटं

लंडनच्या यूस्टन स्टेशनात तुम्ही उभे आहात. तारीख १ नोव्हेंबर १८४८. कोळशाच्या धुराने घसा खवखवतोय, गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत. समोर नवाकोरा स्टॉल आहे, डब्ल्यू. एच. स्मिथ यांचा रेल्वेवरचा पहिला. आजवर स्टेशनांवर बरंचसं सवंग वाचायला मिळायचं. इथली पुस्तकं बिनदिक्कत घरी नेता येतील. तुम्ही एक चाळता. विक्रेता घाई करत नाही.

आता १८६० नंतरच्या एखाद्या सकाळी या. वर्गणी भरली की याच स्टॉलवरून पुस्तक वाचायला नेता येतं. तुम्ही कादंबरी उचलता आणि विचारता, "परत कुठे करू?"

"उतराल तिथल्या आमच्या स्टॉलवर द्या."

गाडीत बसून तुम्ही ती उघडता. पानांचे कोपरे मऊ पडलेत, एका समासात कुणाच्या तरी अंगठ्याचा काळसर ठसा आहे. कोण असेल तो? कुठे उतरला असेल? एका गावात घ्यायचं आणि दुसऱ्या गावात द्यायचं! वाचणाऱ्यावर टाकलेला हा विश्वास मला या दुकानाची सर्वांत मोठी कमाई वाटते. हे वाचनालय १९६१पर्यंत चाललं.

डिसेंबर १९०५. रस्त्यावर हातोड्यांची ठकठक ऐकू येतेय. स्मिथ कंपनीचं दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांशी भाड्यावरून बिनसलंय आणि त्यांच्या स्टेशनांवरचे स्टॉल हातचे जाणार आहेत. म्हणून स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काही आठवड्यांतच सुमारे १५० दुकानं उभी राहतायत. गिऱ्हाईक ज्या वाटेने रोज जातं, त्याच वाटेवर दुकान न्यायचं ठरलंय. बाजारपेठेतलं स्मिथचं दुकान इंग्लंडमध्ये घरोघरी ओळखीचं झालं, त्यामागे ही धावपळ आहे.

१९६७. तुम्हाला हवं असलेलं पुस्तक दुकानात नाही, मागवावं लागेल. नाव थोडं चुकलं तर भलतंच हाती यायचं! पण यंदापासून पुस्तकांना नऊ आकडी क्रमांक मिळू लागलेत. स्मिथ कंपनीला आपल्या गोदामाचा कारभार संगणकावर न्यायचा होता. त्यासाठी गॉर्डन फॉस्टर या प्राध्यापकांनी ही पद्धत आखून दिली.

२०२५चा उन्हाळा. बाजारपेठेतली दुकानं विकली गेलीत, पाट्यांवर आता टीजी जोन्स हे नाव चढतंय. जुनं नाव उरलंय ते स्टेशनांवर आणि विमानतळांवर. तुम्ही पुन्हा फलाटाजवळ उभे आहात, हातात पुन्हा तीच दहा मिनिटं. पैसे घ्यायला यंत्र असेल, तरी पुस्तकांच्या फळीपाशी थोडं थांबा. चाळा. तेवढ्यासाठीच हे दुकान १८४८मध्ये इथे आलं होतं.

आता घरी परत या. कपाटातलं एखादं अलीकडचं मराठी पुस्तक काढून उलटं करा. मागे आयएसबीएन या पुस्तक-क्रमांकाचे तेरा आकडे दिसतील. १९६७मधले ते नऊ आकडेच वाढत वाढत तुमच्या कपाटापर्यंत आलेत. मागणाऱ्याला त्याचंच पुस्तक मिळावं, चुकून दुसरं नाही, एवढ्या साध्या काळजीपोटी ते जन्मले. त्यांवरून एकदा बोट फिरवा. आणि हे पुस्तक वाचून झालं की ते तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी हाती सोपवा.