गोठलेलं कुलूप आणि खोबरेल तेल

आज कुलपाचा इतिहास सांगायचा आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीच्या निमित्ताने मी दोन हिवाळे लेहमध्ये काढले. उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. जानेवारीत रात्रीचा पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंत जायचा. घरमालकीणबाईंना सगळे आमा-ले म्हणत, म्हणजे आदराने ‘आई’. अंगणात त्यांची सरपणाची खोली होती. तिचं कुलूप जड चालायचं, म्हणून नोव्हेंबरमध्ये मी त्यात खोबरेल तेल सोडलं. लहानपणी आमच्या घरी आई तेच करायची.

जानेवारीत बर्फ पडला. दुपारच्या उन्हात छपरावरचा बर्फ वितळला, पाणी कुलपावर ठिबकलं आणि ऊन उतरताच आतल्या आत गोठलं. संध्याकाळी किल्ली आत जाईना. मी थर्मासमधलं कढत पाणी त्यावर ओतलं. कुलूप उघडलं! मी खूश. लाकडं काढली, कुलूप परत लावलं आणि झोपलो.

सकाळी कुलूप म्हणजे बर्फाचा गोळा. कशीबशी किल्ली घातली, जोर लावला, तर ती आतच तुटली. घरात बुखारी विझलेली, आमा-लेंचा लहानगा नातू खोकत होता. शेजाऱ्यांनी लोखंड कापायची करवत आणून कोयंडा कापला. त्यात तासभर गेला. आमा-ले रागावल्या नाहीत. हिंदीत एवढंच म्हणाल्या, “बेटा, पाणी घातलंस, मग गोठणार काय? पाणीच ना?”

तो तास मी विसरलेलो नाही. हे कुलूप इतकं नाजूक का, हे त्यानंतर मी शोधत गेलो. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

प्राचीन इजिप्त आणि इराकमध्ये लाकडी कुलपं होती. आडव्या दांड्यात वरून खुंट्या पडायच्या. दातेरी लाकडी किल्लीने त्या उचलल्या की दांडा सरकायचा. खुंट्या स्वतःच्या वजनाने पडत, स्प्रिंगची गरज नव्हती, आणि फटी ऐसपैस होत्या. आपल्या वाड्यांचा अडसर तर त्याहून साधा. भिंतीतल्या खोबणीत सरकवायचं जाडजूड लाकूड. अशा वस्तूंमध्ये पाण्याचा एखादा थेंब गोठला, तरी हाताच्या एका हिसक्याने सुटतो.

मग चोर आणि कुलूपवाले यांची शर्यत लागली. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७८४ साली आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं. ते उघडून दाखवणाऱ्याला इनाम जाहीर झालं, आणि कित्येक दशकं ते कुणालाच जमलं नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. पण भरवसा उडाला तो उडालाच. त्यानंतर कुलपं आणखी काटेकोर होत गेली. अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली पेटंटं घेतली. तत्त्व तेच जुनं, खुंट्यांचं. पण आता त्या धातूच्या बारीक पिना झाल्या आणि प्रत्येकीवर इवलीशी स्प्रिंग आली. आज आपल्या दारावर असते ती चपटी, दातेरी किल्ली तिथूनच आली.

चोराच्या तारेला जागा मिळू नये म्हणून फटी अरुंद केल्या. त्याच फटींत पाणी शिरलं की बाहेर येत नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्या इवल्या स्प्रिंगमध्ये बर्फ ढकलायचं बळ नसतं. म्हणजे ज्या गुणामुळे कुलूप सुरक्षित झालं, त्याच गुणामुळे ते थंडीत अडू लागलं.

आता आपल्याकडे या. मुंबईत लालबागला आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं बनवायला सुरुवात केली. उत्तरेत अलीगढ, दक्षिणेत दिंडीगुल ही कुलपांची नावाजलेली गावं. ही सगळी ठिकाणं गोठण्याच्या थंडीची नव्हेत. इथे कुलपाचा शत्रू गंज आणि धूळ. म्हणून आपल्या आयांनी तेलाचा उपाय शोधला, आणि तो तिथे बरोबरच होता. पण खोबरेल तेल साधारण २४ अंशांखालीच थिजतं. लेहच्या नोव्हेंबरमध्ये मी कुलपात तेल नव्हे, मेण भरलं होतं! कुलूप मैदानातून डोंगरावर गेलं, त्याच्यासोबत मैदानातला उपायही गेला, आणि तिथे तोच उलटला.

आपल्यापैकी बरेच जण आज सिमला, श्रीनगर, गंगटोककडे नोकरीला आहेत, कुणाची मुलं कॅनडात आहेत. त्यांच्यासाठी आमा-लेंनी शिकवलेलं आणि मी पुढे पडताळलेलं सांगतो. धातूची साधी किल्ली पकडीत धरून गरम करा, हळूच आत घाला, थांबा, काढा, पुन्हा गरम करा. जोर लावू नका. कुलपाभोवती गरम पाण्याची पिशवी धरली तरी चालतं, कारण ऊब जाते, पाणी जात नाही. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफही शेवटी पाणीच. हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रावण थेंबभर सोडलं तर बर्फ विरघळतो, मात्र जवळ ज्योत नको आणि गरम किल्लीही नको. हिवाळ्याआधी कुलूप पूर्ण कोरडं करून त्यात ग्रॅफाइटची पूड घाला. आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्याने लटकवा, म्हणजे ठिबकणारं पाणी आत जाणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात आमा-लेंच्या सरपणाच्या दारावर असा तुकडा मीच ठोकला. कुलूप एकदाही अडलं नाही.

तुमच्या घरचा असा कुठला उपाय परमुलुखात गेल्यावर फसला, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.